मतपेटी आणि न्यायासन

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, हें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. समोर उभा असलेला राजा कीं रंक, स्वकीय कीं परकीय, हें तिला दिसूं नये, एवढाच त्या पट्टीचा हेतु. परंतु त्या देवतेस आसनावर बसविणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्या चित्रांत कोठेंच उमटत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अलीकडे कायद्याचे जे मोठे वाद माजले आहेत, त्यांच्या मुळाशीं नेमका हाच प्रश्न आहे.

ता. १ एप्रिल २०२५ रोजीं त्या देशांतील विस्कॉन्सिन राज्यांत एक निवडणूक झाली. ती राज्यपालाची नव्हती, विधिमंडळाचीहि नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांतील ७ न्यायाधीशांपैकीं एकाची जागा तींत भरावयाची होती. त्या एका जागेसाठीं दोन्ही बाजूंनीं मिळून सुमारें १० कोटि डॉलर खर्च झाले. न्यायाधीशाच्या निवडणुकीवर एवढा पैसा त्या देशांत पूर्वीं कधींच ओतला गेला नव्हता. एका आसनाचें मोल एवढें कां वाढावें, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

सन १८०० च्या निवडणुकींत अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा पराभव झाला. अधिकारसूत्रें सोडण्यापूर्वीं, १८०१ च्या आरंभीं, त्यांनीं आपले परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांस सरन्यायाधीश नेमलें. अ‍ॅडम्स यांचा पक्ष पुढें नामशेष झाला. मार्शल मात्र १८३५ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षें, त्या आसनावर होते. १८०३ सालीं मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यांत त्यांनीं असा निर्णय दिला कीं, एखादा कायदा राज्यघटनेशीं विसंगत असेल, तर तो निरर्थक ठरविणें हें न्यायालयाचें कर्तव्यच आहे. मतपेटींत हरलेला पक्ष न्यायासनावर असा दीर्घकाळ जिवंत राहिला. हा धडा तेथील राजकारणी पुरुष कधींच विसरले नाहींत.

सर्वोच्च न्यायालयांत आज ९ न्यायाधीश असतात. अध्यक्ष नांव सुचवितो, सेनेट सभा संमति देते, आणि नेमणूक झाली कीं ती तहहयात. अध्यक्षाची मुदत ४ वर्षांची; त्यानें नेमलेला न्यायाधीश कित्येकदां ३० वर्षें राहतो. ‘पांचांमुखीं परमेश्वर’ ही आपल्याकडील म्हण तेथें अक्षरशः खरी ठरते; कारण नवांपैकीं पांच ज्या बाजूस, त्या बाजूस राज्यघटनेचा अर्थ!

निरनिराळ्या राज्यांची रीत याहून वेगळी आहे. मिसिसिपी राज्यानें १८३२ सालीं आपले सर्व न्यायाधीश लोकांच्या मतांनीं निवडण्याचें ठरविलें. राज्यकर्त्यांच्या मर्जींतील माणसें न्यायासनावर चढूं नयेत, हा त्यांतील विचार कांहीं वाईट नव्हता. पुढें ही रीत पसरत गेली आणि आज बहुसंख्य राज्यांत वरिष्ठ न्यायाधीशांस कोणत्या ना कोणत्या रूपानें मतदारांसमोर जावें लागतें.

या दोन्ही रीति एकमेकींत कशा गुंतल्या, हें गर्भपाताच्या वादांत स्पष्ट दिसतें. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ७ विरुद्ध २ मतांनीं स्त्रीच्या या हक्कास घटनेचें संरक्षण दिलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें न्या. अँटोनिन स्कॅलिया निवर्तले. अध्यक्ष ओबामा यांनीं मेरिक गार्लंड यांचें नांव सुचविलें. परंतु सेनेटमध्यें बहुमत असलेल्या रिपब्लिकन पक्षानें, हें निवडणुकीचें वर्ष आहे असें म्हणून, त्या नांवाचा विचारहि केला नाहीं. निवडणुकींत डोनाल्ड ट्रम्प विजयी झाले आणि ती जागा त्यांनीं भरली. पुढें सप्टेंबर २०२० मध्यें न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग निवर्तल्या. या वेळीं निवडणूक अवघ्या कांहीं आठवड्यांवर आली होती; तरी त्याच पक्षानें ती जागा मतदानापूर्वीं ८ दिवस भरून टाकली. ता. २४ जून २०२२ रोजीं ५ न्यायाधीशांच्या बहुमतानें १९७३ चा निर्णय रद्द ठरला. त्या पांचांपैकीं तिघे ट्रम्प यांनीं नेमलेले होते. हा प्रश्न आतां लोकांनीं व त्यांच्या प्रतिनिधींनीं सोडवावा, असें न्यायालयानें म्हटलें. एका पक्षास ही घटनेच्या खऱ्या अर्थाची पुनःस्थापना वाटली, तर दुसऱ्यास मिळालेल्या हक्काचा अपहार वाटला.

म्हणजे न्यायालयांतून वाद पुन्हां मतपेटीकडे आला. कॅन्ससच्या मतदारांनीं ऑगस्ट २०२२ मध्यें राज्यघटनेंतील गर्भपाताचा हक्क काढून टाकण्याची सूचना फेटाळली. विस्कॉन्सिनमध्यें १८४९ सालचा एक जुना कायदा पुस्तकांत तसाच पडून होता. तो पुन्हां जागा झाला असें समजून तेथील वैद्यांनीं वर्षाहून अधिक काळ गर्भपात थांबविले, आणि स्त्रियांना शेजारच्या राज्यांची वाट धरावी लागली. अशा स्थितींत एप्रिल २०२३ मध्यें न्यायाधीशाची निवडणूक झाली. जॅनेट प्रोटासीविक्झ निवडून आल्या आणि न्यायालयांतील बहुमत ४ विरुद्ध ३ असें पालटलें. त्याच बहुमतानें जुलै २०२५ मध्यें, पुढील कायद्यांमुळें ती जुनी बंदी लागू राहिली नाहीं, असा निर्णय दिला. मधल्या एप्रिलमधील निवडणूक हें बहुमत टिकणार कीं नाहीं, यासाठींच होती. दहा कोटींचें कोडें येथें उलगडतें.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहावी. मतदार जसे न्यायाधीश घडवितात, तसेंच न्यायाधीशहि निवडणुका घडवितात. २००० सालीं फ्लोरिडा राज्यांतील केवळ ५३७ मतांच्या फरकावर अध्यक्षपद लोंबकळत होतें. सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं फेरमोजणी थांबविली आणि जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१९ मध्यें त्याच न्यायालयानें, पक्षाच्या सोयीनें आंखलेल्या मतदारसंघांचे तंटे संघराज्याचीं न्यायालयें ऐकणार नाहींत, असें ठरविलें. मग ते तंटे राज्यांच्या न्यायालयांत गेले. विस्कॉन्सिनच्या न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें विधिमंडळाचे मतदारसंघ घटनाबाह्य ठरविले, आणि २०२४ ची निवडणूक नव्या आंखणीनें झाली. मतदारानें न्यायाधीश निवडला, न्यायाधीशानें मतदारसंघ बदलले. असें हें चक्र आहे.

या चक्रांतील धोका वेस्ट व्हर्जिनियांतील एका खटल्यानें उघड केला. एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटि डॉलरांचा निकाल लागला होता. अपील व्हावयाचें असतां कंपनीच्या प्रमुखानें न्यायाधीशपदाच्या एका उमेदवारासाठीं सुमारें ३० लाख डॉलर खर्च केले. उमेदवार २००४ मध्यें निवडून आला, अपिलाच्या वेळीं बाजूस होण्यास त्यानें नकार दिला, आणि ३ विरुद्ध २ मतांनीं निकाल कंपनीच्या बाजूनें फिरला. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या न्यायाधीशानें बाजूस व्हावयास हवें होतें असें ठरविलें; पण तेंहि ५ विरुद्ध ४ मतांनींच.

याच्या उलट १९५४ सालचें उदाहरण आहे. गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत, असा निर्णय नऊहि न्यायाधीशांनीं एकमतानें दिला. दक्षिणेंतील गोऱ्या मतदारांपुढें त्यांस मतें मागावयास जावें लागलें असतें, तर त्यांची लेखणी तितकी मोकळी राहिली असती काय?

भारताची घटना घडत असतां हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या दृष्टीसमोर होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकलेल्या या पुरुषास अमेरिका परकी नव्हती. ता. २४ मे १९४९ रोजीं घटनासमितींत त्यांनीं सांगितलें कीं, सेनेटच्या संमतीची पद्धति अवजड असून तींत राजकीय दडपणाचा संभव आहे. आणि सर्व सत्ता केवळ सरकारच्या हातीं देणेंहि धोक्याचें आहे. म्हणून त्यांनीं सल्लामसलतीचा मध्यम मार्ग पुढें मांडला. न्यायाधीश कोणी नेमावे, हा वाद भारतांतहि संपलेला नाहीं. परंतु येथील न्यायाधीशास मतें मागावीं लागत नाहींत.

न्यायालयाजवळ सैन्य नसतें आणि खजिनाहि नसतो, हें अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं १७८८ सालींच दाखविलें होतें. हरलेला पक्षकार निकाल मान्य करतो, हेंच त्याचें सारें भांडवल. २००० सालीं अल् गोर यांस निकाल पटला नव्हता. तरी दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं तो मान्य केला, आणि देश शांत राहिला. परंतु न्यायासन हें निवडणुकींत जिंकलेलें वतन आहे, असें एकदां लोकांच्या मनानें घेतलें, म्हणजे हरलेला मनुष्य निकालापुढें मान तुकवीत नाहीं. तो पुढच्या निवडणुकीची वाट पाहत बसतो. कोणताहि तंटा मग खऱ्या अर्थानें मिटत नाहीं. अमेरिकेच्या आजच्या वादांत पणास लागलेली वस्तु ही आहे, आणि ती दहा कोटि डॉलरांहून कितीतरी मोलाची आहे.