भाड्याची दरी

पडक्या वस्तीचे दिवस अचानक कसे पालटतात? उपनगरांना कंटाळलेले सुखवस्तू लोक शहरात परततात म्हणून, असं सत्तरच्या दशकात अमेरिकेत सर्रास मानलं जाई. नील स्मिथ या तरुण स्कॉटिश भूगोलतज्ज्ञानं फिलाडेल्फियातल्या सोसायटी हिल भागाचा अभ्यास केला. तिथं नव्यानं आलेल्यांपैकी उपनगरांतले होते जेमतेम १४ टक्के. ७२ टक्के तर शहरातलेच!

मग परतलं कोण? परतला तो पैसा, असं स्मिथ यांनी १९७९ मध्ये मांडलं. डागडुजी थांबते, इमारती खचतात, जागेचं उत्पन्न घटतं; पण त्याच जागेतून मिळू शकणारं उत्पन्न मात्र वाढत राहतं. ही दरी पुरेशी रुंदावली, की बिल्डर येतो आणि जुना भाडेकरू जातो.

हे वाचताना मुंबईचं गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, जमिनींची किंमत मात्र चढत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागा आणि सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली गेली आणि घरांचा वाटा आक्रसला. दरी बाजारानं पाडली खरी; पण नियमातली ही दुरुस्ती सरकारी होती, आणि तीच मला अधिक बोचते.