पवनीची शिळा आणि महामहोपाध्याय मिराशी

(एकोडी, जि. भंडारा येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धानाची मळणी उरकली, म्हणून आज इतकी मंडळी इथं बसली आहेत. विषय आहे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी. जन्म १८९३ चा, कोकणातल्या कुवळे गावचा. १९१९ साली संस्कृत शिकवायला ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि विदर्भाचेच होऊन गेले.

त्याच १८९३ साली चीनमधल्या सूचौ शहरात गु जिएगांग हे इतिहासकार जन्मले. ग्रंथ जितका अलीकडचा, तितकी त्यातली पुराण्या राजांची वंशावळ मागे मागे जाते, हे त्यांनी दाखवून दिलं आणि याओ, शुन या आदर्श राजांच्या कथांवर सगळ्या देशाला विचार करायला लावलं. कथेवर असा संशय घेतला, की पुढं धरायचं काय? मिराशींनी धरला तो दगड आणि ताम्रपट.

पवनी आपल्याच जिल्ह्यातली. तिथं पादुका कोरलेली एक शिळा सापडली. तिच्यावर ब्राह्मीत छोटासा लेख. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि भार वंशाचा भगदत्त नावाचा राजा उजेडात आला. कुठल्याही पुराणाला त्याचा पत्ता नव्हता! असा लेख वाचायचा म्हणजे आधी ठसा घ्यायचा. ओला कागद शिळेवर पसरायचा, ब्रशानं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाई थोपटायची. खाचांतला कागद पांढरा राहतो, तीच अक्षरं. पुढचं काम डोळ्यांचं आणि व्याकरणाचं.

आता काळाचं बघा. छत्तीसगडात रतनपूरला कलचुरी राजा जाजल्लदेवाचा शिलालेख सापडला, संवत ८६६ चा. त्याला नजराणा पाठवणाऱ्या प्रदेशांत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावं येतात. वैरागर म्हणजे गडचिरोलीतलं वैरागड, लांजिका म्हणजे पलीकडची लांजी आणि भाणार म्हणजे आपला भंडारा. पण हा संवत ना विक्रमाचा, ना शकाचा. तो कलचुरींचा, आणि कधीच लोपलेला. मग साल कसं काढायचं? अशा लेखांत तिथीबरोबर वारही दिलेला असतो. आरंभाचं एक वर्ष गृहीत धरायचं, पंचांग मोजत यायचं, आणि लेखालेखातली तिथी त्या-त्या वारीच पडते का ते पाहायचं. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी हा हिशेब मांडला होता. मिराशींनी नव्यानं सापडलेल्या लेखांवर तो पुन्हा तपासून पक्का केला. आरंभ इसवी सन २४८-४९ च्या सुमाराचा. म्हणजे ८६६ हे साल १११४ चं. भंडाऱ्याचं नाव नऊशे वर्षांपूर्वी दगडावर होतं, हे आपण छातीठोकपणे म्हणतो ते या आकडेमोडीच्या बळावर.

अकोल्याकडच्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, तोही त्यांनीच अभ्यासला. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत त्यांनी अखेरपर्यंत हिरीरीनं मांडलं. मला ते पटतं, पण त्यांचं खरं मोठेपण मी कोरीव लेखांतच मानतो. कलचुरींच्या लेखांचा खंड १९५५ साली आला, वाकाटकांचा १९६३ ला, आणि शिलाहारांचा १९७७ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी! १९८५ साली ते गेले.

हे खंड इंग्रजीत आहेत. पण हाच इतिहास त्यांनी मराठीतही लिहून ठेवला. कुणाला वाचायचं असेल तर ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या पुस्तकापासून सुरुवात करा. त्यात मूळ लेखही दिले आहेत. ते सोडून पुढं जाऊ नका, तिथंच थांबा, एकेक ओळ लावत वाचा.