आपल्या मुलांनीं विद्यापीठांत संगीत शिकावें काय ?

(वर्धा जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत गांवच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



गेला महिनाभर आपल्या गांवांत एक वाद चालला आहे. त्यावर चार शब्द सांगावे, अशी भजनी मंडळाची आज्ञा झाली म्हणून मी उभा आहें. बारावी पास झालेल्या एका वाजंत्र्याच्या मुलानें नागपुरास जाऊन बी. ए. ला संगीत हा विषय घेण्याचें मनांत आणलें आहे. शेजारी म्हणतात, "शिकून पुन्हां डफडेंच वाजवायचें, तर शिकायचें कशाला ?" बाप म्हणतो, "वाजवायला मींच शिकवलें. त्यासाठीं कॉलेज कशाला?" आई वाद घालीत नाहीं. ती इतकेंच विचारते, "गुरुजी, यानें पोट भरेल काय ?" हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत व तिन्हींचीं उत्तरें निराळीं आहेत. तीं क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. वाजवणें हें हलकें काम आहे, ही समजूत त्याच्या मुळाशीं आहे. मंडळी, लग्नांत सनई वाजल्याशिवाय कोणाचें समाधान होत नाहीं, पण सनईवाल्याचें पान मांडवाबाहेर व शेवटच्या पंगतीला ! पोळ्याला डफड्यावांचून बैल निघत नाहींत, पण डफडेंवाला दूर उभा. नाद हवा, पण हात नको, असा हा न्याय आहे. हा न्याय आपल्यावर दुसऱ्या कोणीं लादला असें म्हणून आपली सुटका होत नाहीं. तो आपणही आपल्याहून खालच्या मानलेल्या भावाला लावतों.

आतां ज्या संगीताला सारे लोक उच्च म्हणतात, तें कोणाच्या हातांतून येतें तें पाहा. मिरजेचे सतार व तंबोरे देशभर नांवाजलेले आहेत. तीं वाद्यें करणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या कारागिरांचीं. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांचें काम बसलें, तेव्हां तेच हात तंबोऱ्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा कोठें पिकतो ? सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूरच्या बाजूच्या शेतकऱ्याच्या रानांत ! २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला सरकारांतून भौगोलिक मानांकन मिळालें. शेतकऱ्यानें भोपळा पिकवला, कारागिरानें तो कोरला, तारा चढवल्या, जवारी लावली. आणि मैफलींत पुढें बसायची वेळ आली कीं हे दोघेही दाराबाहेर. तेव्हां संगीत हलकें नव्हे. तें करणाऱ्याला आपण हलकें ठरवलें.

आणि ज्या विद्यापीठांत हा मुलगा जाऊं म्हणतो, त्याचें नांव तरी काय आहे ? नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव दिलें गेलें. महाराज १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली गांवीं गरीब घरांत जन्मले. शाळा थोडकीच झाली. हातांत खंजिरी घेऊन ते गांवोगांव फिरले. १९३६ सालीं गांधीजींच्या बोलावण्यावरून ते आपल्या जिल्ह्यांत सेवाग्रामला येऊन सुमारें महिनाभर राहिले होते. खंजिरी वाजवणाऱ्याचें नांव विद्यापीठाच्या दारावर आहे. मग त्याच दारांतून डफडें वाजवणाऱ्याचा मुलगा आंत गेला तर कोणाचें काय बिघडतें?

दुसरा प्रश्न बापाचा. तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यांत अभिमान आहे. घरची विद्या घरींच मिळते हें खरें. आपल्या विदर्भांत खडी गंमत आहे, दंडार आहे, पोळ्याच्या झडत्या आहेत, मुलींचीं भुलाबाईचीं गाणीं आहेत. हीं कोणत्याही कॉलेजांत निघालीं नाहींत. मग विद्यापीठ अधिक काय देतें ? माझ्या समजुतीप्रमाणें तीन गोष्टी देतें.

पहिली, लिपी. बापाच्या बोटांत जें आहे, तें बापाबरोबर जातें. कागदावर उतरलें तें राहतें. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असावी. ते नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी घरांत १८६३ सालीं जन्मले व पुढें दत्तक जाऊन राजे झाले. त्यांनीं १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा काढली व उस्ताद मौलाबक्ष यांच्या हातीं दिली. मौलाबक्षांनीं गाण्याचे स्वर लिहिण्याची पद्धत बसवून मुलांसाठीं पुस्तकें केलीं. जी विद्या उस्ताद आपल्या घराबाहेर जाऊं देत नसत, ती शाळेंत फळ्यावर आली. १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली. तिच्यामागें पंडित भातखंडे होते. ती गायनशाळा आज तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. शेतकऱ्याच्या पोटीं आलेल्या राजाला जें कळलें, तें आपल्याला कां कळूं नये ?

दुसरी गोष्ट, आपल्या ठेव्याची मालकी. जात्यावरच्या ओव्या कोणाच्या ? आपल्या आयांच्या व आज्यांच्या. पण त्या गोळा करण्यासाठीं फ्रान्सहून आलेले गी पॉयट्व्हें व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांना गांवोगांव हिंडावें लागलें. त्यांनीं व त्यांच्या सोबतच्या मंडळींनीं एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु आपल्या घरांतून एकही शिकलेला मुलगा किंवा मुलगी वही घेऊन आजीच्या जात्यापाशीं कां बसली नाहीं, हा प्रश्न आपण आपल्याला विचारला पाहिजे. ज्याच्याजवळ गाणें आहे त्याच्याजवळ लिपी नाहीं, आणि ज्याच्याजवळ लिपी आहे तो दुसऱ्या गांवचा, अशी ही फारकत आहे. ती मोडायची असेल तर आपलीं मुलें तेथें बसलीं पाहिजेत. आज बहुतेक संगीत विभागांत रागदारीलाच मुख्य मान आहे. आपलें डफडें, संबळ, तुणतुणें अभ्यासक्रमांत यायचें तर तें वाजवणारा वर्गांत असला पाहिजे. मुंबई विद्यापीठांत लोककला अकादमी आहे. तेथें तमाशा, भारूड, गोंधळ यांचें रीतसर शिक्षण मिळतें. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाहीं.

तिसरी गोष्ट, दहाजणांत मिळून वाजवणें. ही सगळ्यांत मोठी, म्हणून तिच्यावर थोडा थांबतों.

मैफलींत गवई मधोमध बसतो व साथीदार बाजूला. विद्यापीठांत त्याबरोबर समूहगायन व वाद्यवृंद असतो. देशांतील विद्यापीठांचे युवक महोत्सव होतात, त्यांत समूहगायनाच्या एका संघांत सहा गाणारे व तीन साथीदार असतात. लोकवाद्यवृंदाचाही निराळा सामना असतो व तेथें आपलींच वाद्यें लागतात. त्या संघांत कोण असतो ? पाटलाचा मुलगा, कुंभाराची मुलगी, वाजंत्र्याचा पोर, वकिलाचा मुलगा. सहाजणांनीं एक स्वर धरायचा म्हणजे स्वतःचा आवाज किती काढावा हें दुसऱ्याचें ऐकूनच ठरवावें लागतें. लयींत एक घसरला तर नऊही घसरतात. तेथें जात पाहून सम येत नाहीं. जो लयीला पक्का, त्याच्याकडे सारे पाहतात. आणि लयीला पक्का कोण, तर लहानपणापासून बापाच्या मागें डफडें घेऊन चाललेला पोर! गांवांत जो मांडवाबाहेर उभा होता, त्याच्या हाताकडे पाहून येथें बाकीचे पाऊल टाकतात. एवढें शिक्षण हजार व्याख्यानांनीं होत नाहीं.

मिळून वाजवण्यानें काय घडतें याचा मोठा दाखला मध्य प्रदेशांतील मैहरचा आहे. १९१८ च्या सुमारास सांथीनें पुष्कळ मुलें पोरकीं झालीं. उस्ताद अल्लाउद्दीन खां यांनीं अशा मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला, तो मैहर बँड. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनीं नलतरंग नांवाचें वाद्य केलें. ज्यांना आईबाप नव्हते त्या मुलांना एकमेकांचा आधार मिळाला, व ज्या लोखंडानें माणसें मरतात त्यांतून स्वर निघाले. लोहारदादा येथें बसले आहेत. त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आपल्या सत्यशोधक चळवळीलाही हें ठाऊक होतें. जोतीरावांनीं १८७३ सालीं समाज स्थापला. त्याचे विचार अक्षरशत्रू शेतकऱ्यापर्यंत पोंचवले ते जलशांनीं. जलसा म्हणजे मिळून गाणें व मिळून वाजवणेंच होय.

आपल्या जिल्ह्याचाही येथें हक्क आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. तिच्यांतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें जो अभ्यासक्रम केला, त्यांत मूळ उद्योगाबरोबर चित्रकला व संगीत हे विषय घातले होते. हातानें काम करणाऱ्याच्या मुलाला गाणेंही यावें, हा विचार वर्ध्यांतून देशभर गेला. पण चरख्याची आठवण राहिली आणि संगीताची गेली.

आतां तिसरा प्रश्न, आईचा. तेथें मी गोड बोलून फसवणार नाहीं. संगीताची पदवी घेतली म्हणजे नोकरी दारांत उभी राहते, असें कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवूं नका. शाळांतून संगीतशिक्षकांच्या जागा थोड्या आहेत व कॉलेजांतल्या त्याहून थोड्या. म्हणून माझें सांगणें असें. बी. ए. ला संगीत घ्यावें, पण जोडीला मराठी किंवा इतिहास असा, शिक्षकाच्या नोकरीला उपयोगी पडेल असा विषय घ्यावा. पुढें बी. एड. करावें. गाण्याची शिकवणी, भजनी मंडळाला शिकवणें, नाटकाला व ध्वनिमुद्रणाला साथ, वाद्यांची दुरुस्ती, हीं सारीं कामें डोळ्यांपुढें ठेवावीं. आकाशवाणीची स्वरचाचणी द्यावी. त्यांत उतरलेल्याला श्रेणी मिळते व तिचा उपयोग पुढें होतो. बापाचा धंदा सोडूं नये. सुटींत लग्नसराईची सुपारी घ्यावी, त्यांत कमीपणा नाहीं.

खर्चाचें म्हणाल तर मागास वर्गांतील मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. शेवटच्या दिवशीं तहसिलींत धांवूं नका. कॉलेजला खरोखर मान्यता आहे काय, संगीताचे शिक्षक नेमलेले आहेत काय, वाजवायला वाद्यें आहेत काय, हें प्रवेशाआधीं जाऊन पाहा. फी भरल्यावर पाहून उपयोग नाहीं.

नागपुरापुढेंही वाटा आहेत. वर्ध्याहून हावड्याकडच्या गाडींत बसलें कीं नागपूर, गोंदिया, डोंगरगड ओलांडून राजनांदगांव लागतें. तेथून जवळच खैरागड. १९५६ सालीं तेथील राजाराणींनीं आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभें केलें. सारें विद्यापीठच संगीताचें व कलांचें, आणि त्यांत लोकसंगीतालाही विभाग आहे. पुण्याच्या विद्यापीठांत १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. ज्यांना घर सोडतां येत नाहीं त्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा शेती सांभाळून द्याव्या.

मुलींबद्दल एक शब्द. गंगूबाई हनगल यांची शाळा प्राथमिक इयत्तांपलीकडे गेली नाहीं. लहानपणीं जातीवरून व आईच्या गाण्यावरून त्यांना बोल ऐकावे लागले. त्याच पुढें धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांत संगीताच्या मानद प्राध्यापक झाल्या. भुलाबाईचें गाणें गोड म्हणणारी मुलगी लग्न झालें कीं मुकी होते. तिला आवाज आहे, हें आपण कौतुकानें सांगतों आणि तेथेंच थांबतों. तसें करूं नका.

शेवटीं गांवानें काय करावें ? भजनी मंडळाची पेटी, मृदंग व टाळ देवळाच्या कोठींत कुलुपांत न ठेवतां आठवड्यांतून दोन संध्याकाळीं शाळेंत आणावे. मुलांना स्वर लिहायला व वाचायला शिकवण्याचें काम मी करीन. त्या वर्गांत कोणाचा मुलगा कोठें बसेल हें लयीवरून ठरेल, आडनांवावरून नाहीं. येत्या लग्नसराईपासून वाजंत्र्यांचें पान पहिल्या पंगतीला व मांडवांत वाढावें. हा ठराव आजच मांडावा. आणि जो मुलगा नागपुरास जायचें म्हणतो, त्याच्या पहिल्या वर्षाच्या खोलीचें भाडें मंडळानें वर्गणी करून द्यावें. त्याच्या बदल्यांत त्यानें दर सुटींत गांवांत येऊन आपल्या बापाच्या चाली कागदावर उतरवून शाळेच्या कपाटांत ठेवाव्या. देणें व घेणें दोन्ही सरळ झालें म्हणजे उपकार राहत नाहीं.

त्याच्या आईला माझें उत्तर असें : माय, पोट भरण्याची हमी मी देत नाहीं; ती शेती करणाऱ्यालाही कोणी देत नाहीं. पण पोरगा दुसरा विषय सोडणार नाहीं आणि घरचा धंदा विसरणार नाहीं, तर उपाशी राहणार नाहीं असें मला वाटतें. त्याला जाऊं दे.