परीक्षेचा ताण आणि घरचे ताट



परीक्षा जवळ आल्या की आपल्या घरांत काय होते, ते आपण सारे जाणता. मुलगा रात्र रात्र जागतो आणि चहा-खारीवर दिवस काढतो. मुलगी सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाते. मग झोप उडते, पोटरीत गोळे येतात, चिडचिड होते. आणि आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!

अशा तक्रारींना कारणे अनेक असतात. त्यांतले एक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे मॅग्नेशियम या खनिजाची कमतरता.

प्रौढ माणसाच्या शरीरात ते अवघे २५ ग्रॅम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत. रक्तात एक टक्काही नसते. म्हणून रक्ताची तपासणी चांगली आली तरी साठा भरलेलाच असेल, असे नाही. अन्नापासून शक्ती निर्माण होणे, स्नायू सैल पडणे, मज्जातंतू शांत राहणे, अशी शेकडो कामे त्याच्यावाचून अडतात. इन्शुलिनचे कार्य आणि हाडांतील कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक यांनाही ते लागते.

आता मुख्य मुद्दा ऐका. मनावर ताण आला की ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि मॅग्नेशियम मूत्रावाटे अधिक वाहून जाते. ते कमी पडले की तोच ताण शरीराला अधिक जाचू लागतो. असे हे दुष्टचक्र आहे.

ते तोडायचे कसे? औषधाच्या दुकानात धावू नका. गोळीने परीक्षेची भीती जाते, असे सिद्ध झालेले नाही. आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना अशी गोळी धोक्याची ठरू शकते. तक्रार टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

रोजची गरज सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅमची. ती घरच्या अन्नातून भागू शकते. गव्हाचा कोंडा व अंकुर काढून मैदा केला की त्यातले सुमारे ८० टक्के मॅग्नेशियम जाते. म्हणून पाव-खारीऐवजी बाजरीची, ज्वारीची भाकरी किंवा न चाळलेल्या पिठाची चपाती द्या. सोबत डाळ, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे असू द्या. भाजी उकडलेले पाणी फेकू नका.

मातांनो, मुलीचे पान मुलाच्या पानाबरोबरच वाढा. वडिलांनो, गुणांचा धाक थोडा कमी करा. कारण ताण धाकानेही वाढतो. विद्यार्थी मित्रांनो, वेळेवर जेवा आणि वेळेवर झोपा. दमलेल्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या ताटात काय आहे, एवढे आपण पाहिलेत, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.