जुना वाडा विकत घेतांना

'घर पाहावें बांधून' असें पूर्वजांनीं म्हणून ठेविलें. परंतु दुसऱ्यानें बांधलेलें, तीन पिढ्यांनीं वापरलेलें घर विकत घेणारानें काय काय पाहावें, हें त्या म्हणींत सांगितलेलें नाहीं.

करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगी हें कोल्हापूरच्या पूर्वेस, शहराच्या अगदीं निकट असलेलें गांव. शेजारींच वळिवड्याची ती भूमि, जेथें १९४३ ते १९४८ या काळांत पोलंडचे निर्वासित छावणींत राहिले, आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनीं वस्ती करून गांधीनगरची मोठी बाजारपेठ उभी केली. १९३९ सालीं सुरू झालेला कोल्हापूरचा विमानतळहि जवळच आहे. अशा गांवांतील जागेला भाव येणें स्वाभाविक होय. आणि म्हणूनच जुन्या आळींतील एखादा ऐसपैस वाडा विक्रीस निघाला, कीं त्याकडे दोन प्रकारचीं माणसें वळतात. एक त्यांत राहूं इच्छिणारीं, दुसरीं तो पाडून नवें बांधूं इच्छिणारीं.

समजा, नोकरींतून निवृत्त होऊं घातलेला एक गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीच्या भरंवशावर, राहण्याच्या इच्छेनें, सपत्नीक असा वाडा पाहावयास आला आहे. दगडी जोतें, नक्षीचे खांब, रुंद सोपा, मधला चौक. सोप्यांतील झोपाळ्यावर बसतांच त्याचें अर्धें मन ठरून गेलें. त्याची पत्नी मात्र सोप्यांत थांबली नाहीं. माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी असें करीत ती थेट परड्यापर्यंत गेली आणि परत येऊन तिनें एवढेंच विचारिलें, "न्हाणीचें पाणी जातें कोठें?" वाड्याची खरी परीक्षा या प्रश्नापासून सुरू होते.

कारण मातीच्या घराचा मोठा वैरी म्हणजे पाणी. या भागांतील जुन्या भिंती पुष्कळदां खालीं काळ्या दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्यांच्या असतात. कोरड्या राहिल्या तर त्या पिढ्यान्‌पिढ्या ओझें वाहतात. पायथा भिजत राहिला, तर हळूहळू खचूं लागतात. त्यांतून गांवांतील रस्त्यावर दर कांहीं वर्षांनीं नवा थर पडतो, आणि एके काळीं चार पायऱ्या चढून गांठावयाचें जोतें रस्त्याच्या बरोबरीस येतें. मग पावसाचें पाणी उंबऱ्याशीं येऊन उभें राहतें. दुसरा दोष डागडुजीनेंच आणलेला असतो. ओल झांकण्यासाठीं मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करतात. चुन्याचा गिलावा आंतली ओल बाहेर जाऊं देतो, सिमेंट ती कोंडून धरतें. भिंत वरून घट्ट दिसते आणि आंतून भुसभुशीत होते. थोपटल्यावर गिलावा पोकळ वाजला, अगर नुकत्याच रंगविलेल्या भिंतीच्या तळाशीं खार फुललेला दिसला, तर रंग कशासाठीं दिला हें निराळें विचारावयास नको.

लाकडाचीहि तीच गोष्ट. तुळई मधोमध कितीहि सुंदर दिसो. ती बहुधा कुजते टोंकाला, जेथें ती भिंतींत शिरते व कौलांची गळती तिला लागते. तेथें आरीनें टोंचून पाहावें; आरी सहज आंत गेली, तर तुळई बदलण्याचा खर्च तेथल्या तेथें मांडावा. खांबावरून चढलेली वाळवीची मातकट रेघ, चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा, यांचीहि नोंद घ्यावी. शक्य तर घर दोनदां पाहावें. चैत्रांत पाहिलेलें आणि आषाढाच्या झडींत पाहिलेलें, हीं पुष्कळदां दोन निराळीं घरें निघतात.

भिंतींनंतर कागद. गांवठाणांतील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा आकारणीचा उतारा करापुरता असतो, त्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें गांवठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेतलें गेलें. ती पत्रिका असल्यास मागावी, आणि जुनीं खरेदीपत्रें मोडींत असल्यास जाणत्याकडून वाचवून घ्यावीं. वाटणीपत्र विशेष काळजीनें पाहावें. मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलांप्रमाणें हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व संसदेनें २००५ सालीं दिला; २००५ सालीं वडील हयात असण्याची अट नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तेव्हां विकणारे भाऊ "बहीण कांहीं मागणार नाहीं" असें कितीहि गोड बोलले, तरी तिची सही झाल्यावांचून इसाराचा एक रुपयाहि देऊं नये.

उरतो भाव. दलाल जागा, सागवान आणि घराण्याची पुण्याई यांची एकत्र बेरीज सांगतो. घेणारानें जागेची किंमत निराळी, इमारतीची निराळी धरावी आणि त्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. सरकारी मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्कासाठीं असतो. त्यावरून ओल अगर वाळवी कळत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें दडलेले महत्त्वाचे दोष सांगण्याचें बंधन विकणारावर घातलें आहे. पण साधारण काळजीनें दिसूं शकणारे दोष पाहण्याची जबाबदारी घेणाराचीच राहते.

आतां समजा, त्या बाईचा प्रश्न खरा ठरला. न्हाणीचें पाणी मागच्या भिंतीच्या पायांत मुरत होतें. नवी मोरी व भिंतीची एक बाजू, एवढ्यावर तें निभावण्याजोगें आहे. खर्च भावांतून वजा होईल. अवघड काम सहीचें. ती बहीण या वाड्यांत जन्मली, याच चौकांत खेळली. सही मागावयास गेलेल्या गृहस्थास ती बहुधा पैशाआधीं हेंच विचारील, कीं वाडा ठेवणार कीं पाडणार? त्याचें उत्तर त्यानें तिच्या दारीं जाण्यापूर्वीं स्वतःशीं ठरविलेलें असावें.