शिखरांची यादी



साहित्याच्या व्यासपीठावर डोंगर चढणाऱ्यांच्या याद्यांबद्दल बोलायचे म्हणजे विषयांतर वाटेल. पण यादी हाही एक वाङ्मयप्रकारच आहे, असे माझे मत आहे. तिला लेखक असतो, आवृत्त्या असतात, पाठभेद असतात आणि भांडखोर टीकाकारही असतात.

ठरलेल्या यादीतली शिखरे एकेक करून चढायची आणि नावापुढे खूण करायची, या छंदाला इंग्रजीत ‘पीक बॅगिंग’ म्हणतात. ‘बॅग’ म्हणजे नुसती पिशवी नव्हे. शिकाऱ्याच्या हाती लागलेले सावज, असाही त्या शब्दाचा अर्थ आहे. शब्द मला आवडत नाही. छंद मात्र मलाही आहे.

या छंदाचे आद्य पीठ स्कॉटलंड. तिथल्या सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात एक कोष्टक छापले. तीन हजार फुटांहून उंच माथे किती, याची नीट मोजदाद तोवर कोणी केली नव्हती. तीसेक असतील असा समज होता. मन्रोंनी ५३८ माथे दाखवले आणि त्यांतले २८३ ‘स्वतंत्र पर्वत’ मानले. पण स्वतंत्र पर्वत कशाला म्हणायचे आणि नुसता उपमाथा कशाला, याची व्याख्या त्यांनी कुठेच दिली नाही. हा निवाडा त्यांच्या नजरेचा होता. म्हणून तर त्या कोष्टकावर आजपर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर व्हावी तशी चर्चा होत आली आहे.

मन्रो स्वतः ही यादी पुरी न करताच १९१९ साली वारले. स्काय बेटावरचा एक उभा सुळका त्यांच्याकडून राहून गेला. त्याचे नावच मुळी ‘अगम्य सुळका’ असे आहे. आणि कार्न क्लोइख-वुलिन नावाचा एक डोंगर त्यांनी अगदी शेवटी चढायचा म्हणून हौसेने राखून ठेवला होता, तोही राहिला. पुढची गंमत पाहा. १९२१च्या सुधारित आवृत्तीत त्या सुळक्याला पर्वताचा मान मिळाला. मन्रोंच्या पहिल्या कोष्टकात तो उपमाथा होता. आणि शेवटच्या सोहळ्यासाठी राखलेल्या त्या डोंगराला १९८१ साली स्वतंत्र पर्वतांतून वगळून उपमाथ्यांत बसवले. लेखक गेल्यावर संपादकांनी संहितेत हात घातला, एवढाच याचा अर्थ.

मोजणीची यंत्रे सुधारली तशी ही काटछाट वाढली. तीन हजार फूट म्हणजे ९१४.४ मीटर. २०१२ साली एक डोंगर यादीतून उतरला, कारण नव्या मोजणीत त्याची उंची ९१३.९६ मीटर भरली. दोन वितीसुद्धा कमी नव्हत्या! आज यादीत २८२ पर्वत आहेत. आपल्याकडे शक्तिपीठे साडेतीन मोजण्याचा मोठेपणा आहे. वणीच्या सप्तशृंगीला आपण अर्धे म्हणतो, पण यादीबाहेर काढत नाही. स्कॉटिश कोष्टकाला अर्धे माहीत नाही.

ही यादी सर्वप्रथम पुरी केल्याचा मान १९०१ पासून रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन या धर्मोपदेशकांकडे आहे. पुढे कित्येक दशकांनी अभ्यासकांनी त्यांची टिपणे वाचली, तेव्हा दिसले की बेन विविस या डोंगरावरून ते पावसामुळे माथ्याच्या अलीकडूनच परतले असावेत. तसे असेल तर मान १९२३ साली रोनाल्ड बर्न या दुसऱ्या धर्मोपदेशकाकडे जातो. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी यादी पुरी केल्याची नोंद क्लबच्या दप्तरी आहे. तुम्ही पत्र लिहायचे, क्लबने तुम्हाला क्रमांक द्यायचा. पुरावा कोणी मागत नाही. तुमचा शब्द पुरतो. आणि म्हणूनच रॉबर्टसनांचा तो पाऊस मला अस्वस्थ करतो.

आता दुसरी यादी, आणि ती करणारा माणूस साहित्यिक होता. जपानी लेखक फुकादा क्यूया यांनी १९६४ साली ‘जपानचे शंभर नामांकित पर्वत’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. प्रत्येक पर्वतावर एकेक छोटा निबंध. निवडीच्या कसोट्या तीन: पर्वताचा भारदस्तपणा, त्याचा इतिहास आणि त्याचे वेगळेपण. उंची साधारण दीड हजार मीटर असावी, असेही त्यांनी ठरवले होते. पण त्सुकुबा जेमतेम ८७७ मीटरचा, तोही त्यांनी घेतला. जुन्या जपानी कवितेत ज्याचे नाव शतकानुशतके येत आहे, तो डोंगर उंचीपायी गाळायला त्यांचे मन धजले नाही. पुस्तकाला योमिउरी साहित्य पुरस्कार मिळाला. मग वाचकांनी त्याची केली खुणा करायची यादी. आता लोक शंभर पर्वत पुरे करायला धावतात. गंमत अशी की त्यांतल्या कितीतरी जणांनी निबंध उघडलेलाही नसतो. स्वतः फुकादा १९७१ साली कायागाताके डोंगर चढताना वारले. तो त्यांच्या शंभरांत नाही.

फुकादांची यादी मला मन्रोंच्या यादीपेक्षा थोर वाटते, हे लपवत नाही. तिच्याशी मतभेद होऊ शकतो, आणि मतभेद व्हायचा तर आधी वाचावे लागते. उंचीच्या आकड्याशी काय भांडणार?

पण मन्रोपंथीयांना मी हसणार नाही, कारण माझ्या कपाटात एक वही आहे. आपल्या बेळगाव परिसरातले आणि चंदगड तालुक्यातले गड तीत लिहिलेले आहेत, पुढे तारखा आणि बरोबरच्या खुणा. पारगड, महिपाळगड, राजहंसगड. त्यांतली एक खूण खोटी आहे. एका श्रावणात आम्ही तिघे कलिवडे गावाकडून कलानिधीगडाला निघालो. धुके इतके की पुढच्याची पाठ दिसेना. तटबंदी समोर आली असावी, असे एकाला वाटले. दुसरा म्हणाला, नुसता कातळ आहे. पाय घसरू लागले तसे आम्ही फिरलो, गावात येऊन चहा घेतला. रात्री घरी आल्यावर मी वही उघडली आणि खूण केली. कोणाला फसवायचे नव्हते. वही माझ्याशिवाय कोणी पाहतही नाही. त्या पानावर एक ओळ मोकळी राहू नये, एवढेच मनात होते.

रॉबर्टसनांची हकीकत वाचली त्या रात्री ती वही काढली. खूण खोडली नाही. तिच्याभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढले आणि शेजारी लिहिले, ‘धुके होते’. बरोबरच्या दोघांपैकी एक आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. दसरा झाला की एखाद्या रविवारी सकाळी आम्ही निघणार आहोत. तुमच्यापैकी कोणाला यायचे असल्यास मला येऊन भेटा.