परराष्ट्र-अभ्यासाची वाट आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमरावती काय, अकोला काय, पोरगं बी.ए. झालं की घरचे विचारतात, पोलीस भरती की एमपीएससी? अशा घरात एखादी मुलगी म्हणाली की मला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन परदेशात शिकायचे आहे, तर आजोबा म्हणतात, "आपल्याले कायले पाह्यजे वं दुसऱ्या देशाचं राजकारण?"

आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होते हे सर्वांना ठाऊक आहे. परराष्ट्र धोरणही होते, हे फार थोडे सांगतात. वर्षाच्या 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी आपल्या निवेदनात मांडला होता. शाळा-दवाखान्याला पैसा का उरत नाही, याचे उत्तर कधी कधी सरहद्दीपलीकडे असते. के. आर. नारायणन केरळातल्या गरीब दलित घरातले. टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, 1949 साली परराष्ट्र सेवेत आले, चीन आणि अमेरिकेत राजदूत झाले. राष्ट्रपती झाले ते नंतर, 1997 साली.

आता पैशाचे बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली तेव्हा, 1917 साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. म्हणून आम्ही सांगतो, आधी शिष्यवृत्ती पाहा, मग विद्यापीठ. शेत गहाण टाकून, दलालाला पैसे मोजून कोणी जाऊ नये.

केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिच्या 125 जागांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी. पदवीला 60 टक्के, वय 35 च्या आत, घरचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत. फी, विमानभाडे, राहण्याचा खर्च मिळतो. मात्र 2022 साली नियम आला की भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती नाही. आमच्या मते हा नियम अन्यायाचा आहे. आपल्याच समाजाचा अभ्यास आपल्या मुलांनी बाहेर जाऊन करू नये, हे कुठले शहाणपण? पण अर्ज करणाऱ्याने तो ध्यानात ठेवूनच विषय निवडावा: निर्वासितांचा प्रश्न, नद्यांचे पाणीवाटप, व्यापार करार.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 75 जणांना मिळते. तिच्या अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर राहू नका, जाहिरात स्वतः वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर 2021 साली लंडनला गेले. त्यांची एकलव्य संस्था घरातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना अर्ज करायला शिकवते.

इंटर्नशिप म्हणजे काही महिने कार्यालयात बसून काम शिकणे. संयुक्त राष्ट्रसंघाचे नाव ऐकून पोरं हरखून जातात, पण त्याच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. 2015 साली जिनिव्हात असाच एक न्यूझीलंडचा मुलगा भाडे परवडेना म्हणून तंबूत राहिला, जगभर बातमी झाली! आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना मात्र भत्ता देतात. त्यांच्याकडे आधी अर्ज करावा.

त्याहून जवळची वाट दिल्लीची. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 साली इंटर्नशिपचे जे धोरण आणले, त्यात महिना 10 हजार रुपये मानधन ठेवले, वयाची मर्यादा 25. आकांक्षित जिल्ह्यांतल्या आणि रेशनच्या यादीतल्या घरच्या मुलांना त्यात प्राधान्य आहे. आपल्या विभागातला वाशिम जिल्हा आकांक्षित आहे. ज्या कार्डावर गहू-तांदूळ आणतो, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या दारातही चालते, हे किती घरांना ठाऊक आहे?

एक गोष्ट मात्र आई-वडिलांनीच करायची. 1990 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तरी दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असले तर अर्ज अडतो; मूळ जातीची नोंद असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. मूळ जात लिहायला मन धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण तो दाखला, तहसीलचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट ही तिन्ही कामे मूल बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच करून ठेवा. शेवटच्या आठवड्यात सेतूच्या रांगेत उभे राहून ती होत नाहीत.

अर्ज भरताना अडले तर रविवारी वंदनेनंतर आम्ही काहीजण विहाराच्या वाचनालयात बसतो. मूळ कागद घेऊन या, आणि मुलीलाही सोबत आणा. जयभीम.